सोनाक्काचा चर

सोनाक्का माती चाखायची. चिमूटभर माती जिभेच्या शेंड्यावर ठेवायची, डोळे बारीक करून चव घ्यायची, मग बाजूला थुंकायची आणि निकाल सांगायची. ज्याचं रान असेल तो समोरच उभा असायचा. त्याला बरं वाटावं म्हणून शब्द मवाळ करणं तिला कधी जमलं नाही. "बाद हाय," म्हणायची. "रान न्हवं. तुमची पानी द्यायची रीत बाद हाय."

हे ती कुणालाही सांगायची. नात्यातल्याला, सरपंचाला, सोसायटीच्या चेअरमनला. रागावली की समोरच्याला "पावणं" म्हणायची, मग तो तिचा सख्खा दीर का असेना. आमच्या कोल्हापूरकडच्या बायकांसारखी "मी आलो, मी गेलो, मी सांगतो" असंच बोलायची, आणि तिच्या तोंडी ते फारच शोभायचं. काष्टा घातलेला, कमरेला खुरपं खोचलेलं, गळ्यात काही नाही, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडचा गुराखी, तिनं हाक दुसऱ्याला मारली तरी, "ओ" द्यायचा.

ज्या गावाची ही हकिकत आहे ते हातकणंगल्यापासून सायकलच्या टप्प्यात आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं की वाचणारे म्हणतात, हां, त्या गावात असलंच चालतं. असलं सगळीकडं चालत होतं, म्हणून नाव नाही.

सत्तरच्या दशकात नदीचं पाणी उचलून वरच्या रानांत नेलं आणि ऊस आला. ऊस आला याबद्दल माझी तक्रार नाही. तो ज्या पद्धतीनं वाढवला त्याबद्दल आहे. पाण्याची पाळी आली की पाट फोडायचा आणि घरी जाऊन झोपायचं. सकाळी येऊन बघावं तर सऱ्या तुडुंब. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस, असं डोक्यात बसलेलं. ते पाणी जायचं कुठं? जमिनीत मुरायचं आणि आतल्या आत उतारानं खालच्या रानांखाली येऊन साचायचं. आणि खालची रानं कुणाची? ओढ्याकाठची, वतनाची, बौद्ध वस्तीची. गावानं ज्यांना पिढ्यान् पिढ्या सगळ्यांच्या खाली ठेवलं, त्यांना जमीनही सगळ्यात खालची दिली होती. आता वरच्यांचं सांडलेलं पाणीही त्यांच्याच पदरात पडलं.

पाणी जमिनीखालून वर चढलं की क्षार वर येतात. फाल्गुन-चैत्रात सोनाक्काचं दीड एकर रान चुना फासल्यासारखं दिसायचं. ज्वारी वीतभर यायची आणि पिवळी पडून बसायची. गाव म्हणायचं, "मीठ फुटलंय." त्यावर गावाचा उपाय काय, तर आणखी पाणी. मीठ आहे ना, मग धुऊन काढू. धुतलेलं मीठ जाणार कुठं, हे कुणी विचारत नव्हतं. ताटात नुसतं पाणी ओतत राहिलं तर ताट स्वच्छ होत नाही, ते भरतं. एवढी साधी गोष्ट, पण ऊसवाल्या गावात ती सांगणारा माणूस मूर्ख ठरायचा.

सोनाक्काचा नवरा वारलेला. रान तिचं आणि धाकट्या दिराचं, धोंडीरामचं, सामाईक. धोंडीराम कबनूरला मागावर कामाला होता. सुट्टीला गावी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवरही कापसाची लव असायची. वरच्या रानाचे मालक दादासाहेब यांना ओढ्यावर पंप बसवायचा होता आणि तिथवर जायला वाट पाहिजे होती. त्यांनी धोंडीरामला बोलावून घेतलं. रान मेलेलं आहे, तरी आम्ही घेतो, तुमच्यावर उपकार म्हणून, असं त्यांचं बोलणं.

धोंडीराम घरी येऊन म्हणाला, "वैनी, देऊन टाकू. त्या रानात आता कुत्रं बी बसत न्हाय."

"मग मी बसतो," सोनाक्का म्हणाली.

आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून ती भाकरी बांधून रानात जाऊन बसायला लागली. पांढऱ्या जमिनीच्या मधोमध, डोक्यावर पदर घेऊन, एकटी. दादासाहेबांचे गडी वरून जाता-येता हसायचे. एकानं विचारलं, "आक्का, काय राखण करालाय? मिठाची?" ती म्हणाली, "व्हय. तुमच्या मालकाच्या भाकरीत घालाय लागंल म्हणून."

मी त्या गावात पहिल्यांदा गेलो तो याच दिवसांत. आम्ही कोल्हापूरची पाच-सहा पोरं होतो. सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं वाटायचो, चावडीसमोर उभं राहून भाषणं करायचो. माझ्या पत्रकाचं शीर्षक होतं, 'वरच्यांचं पाणी, खालच्यांची कबर'. त्या शीर्षकावर मी बेहद्द खूश होतो, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे. वस्तीत सोनाक्कानं ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं लिवलंय," म्हणाली. "पर हे तुमी आमास्नी कशापायी सांगालाय? आमास्नी ठावं हाय की. दादासायबाच्या सोप्यात जाऊन वाचा."

मी गेलो. वाचलं. त्यांनी मला चहा दिला आणि पत्रक नातवाला दिलं. नातवानं त्याचं विमान केलं. हे मी तिला येऊन सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. उरलेली पत्रकं तिनं ठेवून घेतली आणि त्यांच्या पुड्या करून त्यांत बी बांधून ठेवलं.

तिला जे पाहिजे होतं ते मुल्लाकडं होतं. मुल्ला हा शेती खात्यातला तरुण माणूस, मूळचा उचगावचा, बोलायला अगदी हळू. वरच्या रानांत खताचं प्रात्यक्षिक दाखवायला त्याला पाठवलेला. सोनाक्का बांधावर आडवी उभी राहिली आणि तिनं त्याची सायकल धरली.

"ओ सायेब, सारखं वर वर कुटं? वर काय नवरी बघाय ठेवलीया? खाली बी या की."

मुल्ला घाबरून उतरला. पण एकदा रानात उतरल्यावर तो घाबरणारा माणूस राहिला नाही. त्यानं तिच्याकडचं खोरं घेतलं आणि एका कोपऱ्यात खड्डा काढला. वीतभर गेला नाही तोच खालून पाणी पाझरायला लागलं. तो खड्ड्याशी उकिडवा बसून म्हणाला, "बाई, जमीन मेलेली नाही. बुडालेली आहे."

सोनाक्का म्हणाली, "आता कळालं. बुडालेल्याला भाईर काडाय पायजे, आनी आमी त्येला पानी पाजाय लागलोय."

मुल्लानं काडीनं मातीतच नकाशा काढला. रानातून ओढ्यापर्यंत खोल चर खणायचा. खणायला सुरुवात ओढ्याकडच्या तोंडापासून करायची आणि वर चढत यायचं, म्हणजे खणता खणताच पाणी निघून जातं. पावसाळ्याचं गोडं पाणी वरून मुरू द्यायचं, ते क्षार घेऊन चरात उतरेल. मग जिप्सम टाकायचं, मग धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरून हिरवाच गाडायचा. जमिनीत पुन्हा हवा खेळली की ती उठेल. दोन-तीन वर्षं लागतील.

"लागू द्या," सोनाक्का म्हणाली. "मी कुटं जायालोय?"

तिला दोन-तीन वर्षं होतीच कुठं? धोंडीराम कागदावर अंगठा द्यायला तयार होता. तिनं त्याला समोर बसवून सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. "पावणं, ह्या तुकड्यापायी तुमच्या बापानं गावची मेलेली ढोरं वडली. ढोरं वडायचं आमी सोडलं. तुकडा सोडायचा न्हाय." धोंडीराम म्हणाला, दोन वर्षं बघू. हिरवं दिसलं नाही तर मी देऊन टाकणार. ती म्हणाली, "बगा."

चर खणला सोनाक्कानं, तिच्या जावेनं, शेवंतानं, आणि वस्तीतल्या बायकांनी. दिवसभर दुसऱ्यांच्या उसात खुरपणी-भांगलण करायची आणि उन्हं कलल्यावर इथं कुदळी घ्यायच्या. मीही टोपल्या उचलल्या, पण माझी टोपली निम्मीच भरलेली असते हे सोनाक्काच्या लक्षात आलं आणि तिनं मला बांधावर बसवलं. "तुमी भाषण करा," म्हणाली. "त्येवडंच ऐकत खणाय बरं वाटतंय." मी भाषण केलं. पाटबंधारे, ऊसधोरण, जमीनवाटप, सगळं काढलं. बायका कुदळीच्या तालावर मधूनच "व्हय व्हय" म्हणायच्या. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली सभा.

चराला पहिलं पाणी सुटलं तेव्हा ते पिवळसर, गढूळ होतं. एका शेळीनं तोंड लावलं आणि मान झटकून मागं सरली. बायका त्या शेळीकडं बघून हसत सुटल्या.

मुल्लानं काढलेला खड्डा सोनाक्कानं बुजू दिला नाही. त्यात ती रोज सकाळी काठी बुडवायची आणि काठीचा कोरडा भाग आपल्या अंगाला लावून बघायची. वस्तीतलं माणूस वाटेत भेटलं की पहिला प्रश्न तोच. "आक्का, पानी कुटवर गेलं?" "घोट्यापातूर." मग काही दिवसांनी, "पोटरीपातूर." पाणी जमिनीत जितकं खाली जायचं तितकी ती मान वर करून चालायची. "गुडघा वलांडला" हे तिनं ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी वस्तीत एकीनं गोड शिरा केला.

मग जिप्समची पोती आली. पांढऱ्या जमिनीवर पांढरी भुकटी पसरलेली बघून वरचे गडी बांधावर गोळा झाले. "मीठ कमी पडलं व्हय गं आक्का?" ती म्हणाली, "व्हय, दादासायबास्नी सांगा, रान सारवून घ्यायला लागलीया, गिलावा बी करनार हाय."

पाऊस पडला आणि धैंचा उगवला. ज्या जमिनीत गवत जळत होतं तिथं हिरवंगार पीक छातीला लागलं. धोंडीराम कबनूरहून आला आणि बांधावरच उभा राहिला. कितीतरी वर्षांनी त्या रानात हिरवं दिसत होतं. तो आत शिरला, पानांवरून हात फिरवत पलीकडं गेला आणि परत आला. आणि नेमका त्याच दिवशी सोनाक्कानं नांगर मागवला होता. धैंचा फुलावर यायच्या आत गाडायचा असतो, उशीर झाला की खोड टणक होतं आणि कुजत नाही.

बैल जुंपलेले बघून धोंडीराम नांगरापुढं आडवा झाला. "वैनी, येड लागलंय का? आलेलं पीक गाडतीस?"

"भाऊजी, त्ये पीक न्हवं. जमिनीचं ज्येवान हाय."

"ज्येवान? मानसं उपाशी आनी जमिनीला ज्येवान? निदान कापून जनावरास्नी तर घालू."

"जनावरास्नी घातलं तर जनावरं जगत्याल. जमिनीला घातलं तर समदी जगत्याल."

"गावात तोंड दाखवाय जागा ऱ्हाणार न्हाय."

"मग आज गावात जाऊ नगा. हितंच बसा."

धोंडीराम हटला नाही. शेवटी शेवंतानं, त्याच्या बायकोनं, त्याचा दंड धरून बाजूला केला आणि ती स्वतः नांगरामागं चालली. सोनाक्का पुढं बैलांना धरून. छातीएवढं हिरवं नांगराच्या एकेका तासासरशी आडवं होत मातीखाली गेलं. धोंडीराम बांधावर पाठमोरा बसला होता. संध्याकाळपर्यंत रान पुन्हा काळं, ओकं. गावात बातमी पसरली की सोनाक्का पिकासकट पुरून घ्यायला निघाली आहे.

पहिल्या वर्षी गहू पेरला तो कुठं उठला, कुठं बसला. रानात टकलासारखे पांढरे गोल राहिले. गावाला बोलायला भरपूर मिळालं. सोनाक्कानं त्या प्रत्येक गोलात घरची राख, वस्तीतलं शेणखत, आणि वरच्या लोकांनी पेटवायला काढलेलं उसाचं पाचट गोळा करून कुजवलेलं खत टाकलं. हे पाचट पेटवणं बघून तिचा नुसता संताप व्हायचा. सगळी शिवारं धुरानं भरायची. "हे बगा, जमिनीचं ज्येवान जाळाय लागल्यात," म्हणायची, आणि पेटवणाऱ्याला बांधावर गाठून त्याच्या अख्ख्या घराण्याची विचारपूस करायची.

पुढच्या पावसात पुन्हा धैंचा, पुन्हा नांगर. या वेळी नांगर धोंडीरामनं धरला. कुणी सांगितलं नव्हतं.

आणि त्या हिवाळ्यात गहू आला. बांधापासून बांधापर्यंत, एकसारखा, भरल्या ओंब्यांचा. मी बघायला गेलो होतो. शेवंता ओंबी तळहातावर चोळून दाणे दाखवत होती. धोंडीरामनं मागावरून रजा काढली होती आणि जो येईल त्याला तो स्वतः रान फिरवून दाखवत होता, जणू पहिल्या दिवसापासून हे सगळं त्याच्याच डोक्यातून निघालं होतं. सोनाक्का त्याला ते करू देत होती. "भाऊजी, त्यास्नी तो कोपरा बी दावा," एवढंच म्हणायची. दादासाहेबांना रान देण्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही. मीठ खाली थांबत नाही, ते वर चढतं. दादासाहेबांच्या खालच्या पट्ट्यात उसाची पानं टोकाकडून वाळायला लागली. मग सऱ्यांच्या वरंब्यावर पांढरं आलं. त्यांनी मुल्लाला बोलावलं. मुल्लानं सांगितलं, चर काढावा लागेल, आणि उतार बघता तो सोनाक्काच्या चराला जोडल्याशिवाय पाणी ओढ्यात जाणार नाही.

दादासाहेबांनी गडी पाठवला. सोनाक्का म्हणाली, "ज्याचं पानी हाय त्यानं यावं." मग मुलगा आला, मोटारसायकलवरून, न उतरता बोलला. तिनं त्याला म्हटलं, "गाडी बंद कर, मग ऐकू येईल." त्यानं बंद केली. "आता ऐक. बापाला लावून दे."

आणि एक दिवस दादासाहेब स्वतः वस्तीत आले. त्या गावच्या इतिहासात त्या घराण्यातलं माणूस मतं मागायचं सोडून दुसऱ्या कारणानं तिथं आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. विहारासमोर सतरंजी अंथरली. ते बसले. शेवंतानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. वस्ती तांब्याकडं बघत होती. दादासाहेबांनीही त्याच्याकडं बघितलं. मग उचलला आणि प्याले.

"सोनाबाई, चर जोडून घेऊ. तुमची काय अट असेल ती सांगा. भरपाई मागा."

"भरपाई नगं. पानी सोडून घरी जायाचं बंद. पाटावर मानूस उबा पायजे."

"मान्य."

"आनी माझा चर तुमच्या पान्याला पुरनार न्हाय. रुंद, खोल कराय लागंल. त्यो तुमी करायचा."

"करतो की. माणसं लावतो."

"आमच्या वस्तीतली मानसं लावायची न्हाईत. वरचं रान ज्येचं ज्येचं हाय, त्येच्या घरातला एकेक मानूस कुदळ घिऊन याचा. तुमच्या घरातला बी."

ही अट ऐकून दादासाहेब काही म्हणायच्या आधी वस्तीतलेच दोघे-तिघे गडी पेटले. भर उन्हाळ्यात रोजगार चालून आला होता आणि ही बाई तो परतवत होती. एकजण उठून म्हणाला, "आक्का, तुझा चर झाला, आता आमच्या चुलीत पानी वतालीस व्हय?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रोजावर जगणाऱ्याला मानाचं भाषण ऐकवणं सोपं असतं, ते मीही पुष्कळ केलं आहे.

सोनाक्का त्याच्याकडं वळली. "दुसऱ्या कुटल्या बी कामाला जावा, मी आडवा येत न्हाय. पर हे पानी ह्येंनी सोडलंय. आमचं रान बुडवून वर त्येचं पानी आमीच उपसायचं? ह्या एका चराला न्हाय." तो माणूस उठून गेला. कितीतरी महिने तो तिच्याशी बोलला नाही. तिनं त्याची समजूत घालायचा प्रयत्नही केला नाही. मात्र पुढं त्याच्या स्वतःच्या खारट पट्टीत चर काढायचा झाला तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच कुदळ घेऊन हजर झाली.

दादासाहेबांनी दोन दिवस विचार केला. वरंब्यावरचं पांढरं त्यांच्यासाठी थांबणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी वरच्या रानांची घरं एकेक करून उतरली. पँट दुमडलेली कॉलेजातली पोरं, फेटे काढून ठेवलेले म्हातारे, आणि दादासाहेबांचा तो मोटारसायकलवाला मुलगा. सोनाक्का चराच्या काठावर उभी. "तळाला उतार धरा. उतार. आरं त्यो वढ्याकडं धर, घराकडं नगं." एकाच्या हाताला फोड आले तेव्हा तिनं त्याला हळद लावून दिली आणि पुन्हा खाली पाठवला. वस्तीतल्या बायका भांगलणीला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून तिकडून जायच्या. मी आयुष्यात पुष्कळ मोर्चे पाहिले, काही काढलेही. त्या चरात वाकलेल्या पाठींइतकं समाधान मला कुठल्याच मोर्चानं दिलेलं नाही.

अटी पाळल्या गेल्या का? एक अट एकदा मोडली. कुणीतरी पाट फोडून घरी गेलं आणि सकाळी चर दुथडी भरून आला. सोनाक्कानं काही आरडाओरडा केला नाही. मातीनं भरलेली पोती आणून तिनं आपल्या हद्दीवर चराचं तोंड बंद केलं आणि पोत्यांवर बसून भाकरी खात राहिली. दुपारपर्यंत पाणी मागं फिरून वरच्या उसात शिरलं. मोटारसायकलवाला धावत आला, या वेळी गाडी न घेता.

"आक्का, पोती काढा."

"कुनी सोडलं पानी?"

"पुन्हा होणार नाही."

"कुनी सोडलं ते इचारलं."

"मीच."

"बस. भाकरी खा. मग दोघं मिळून काडू."

पुढं वरची रानंही उठली. ऊस कमी पाण्यात जास्त भरला, हे त्या गावाला अजूनही नवल वाटतं. सोनाक्कानं स्वतः निम्म्या रानात ऊस लावला आणि निम्म्यात गहू-हरभरा ठेवला, पाचट कधी पेटवलं नाही. वस्तीची आजूबाजूची सगळी पट्टी काळी, भुसभुशीत झाली. मग तालुक्याला कार्यक्रम झाला आणि जमीन सुधारणेबद्दल प्रगतिशील शेतकरी म्हणून शाल कुणाला मिळाली असेल? दादासाहेबांना. व्यासपीठावर ते 'माझ्या कल्पनेतला चर' असं बोलले. मी तिथं होतो. मी रात्रीत पत्रक लिहून काढलं आणि सकाळी धापा टाकत तिच्याकडं गेलो. तिनं ते वाचून घेतलं.

"चांगलं लिवलंय. वाटा," म्हणाली. मग हसत पुढं म्हणाली, "पर लई जळू नगा, पावणं. शाल त्येंच्या अंगावर हाय. चराचं तोंड माझ्या रानात हाय."

ती गेल्याचं मला उशिरा कळलं. त्याआधी मी तिला शेवटचं पाहिलं ते हातकणंगल्याच्या रेल्वे फाटकात. मी एसटीत होतो. फाटक पडलेलं. पुढं एक ट्रॅक्टर उभा, आणि त्याच्या मडगार्डवर, एका हातानं दांडी धरून, सोनाक्का. मागच्या ट्रॉलीत फेटेवाली, टोपीवाली, चांगली खात्यापित्या घरची माणसं दाटीनं बसलेली. मी उतरून गेलो.

"कुठं निघालासा?"

"शिरोळकडं. ह्येंची रानं गेल्यात. न्ह्याय आल्यात मला."

ट्रॉलीतला एक तरुण पुढं सरकून तिला सांगायला लागला. चराची जागा त्यांनी ठरवली होती, मजूर सांगितले होते, सगळी तयारी होती. एकच अडचण. ओढ्याकडचा शेवटचा तुकडा एकाचा होता आणि तो काही केल्या चर काढू देत नव्हता. "तुम्ही सांगितलंत तर ऐकेल," तो म्हणाला, आणि जरा थांबून, आवाज उतरवून, "तुमच्यातलाच आहे."

सोनाक्कानं मान वळवून त्या सगळ्यांकडं सावकाश बघून घेतलं.

"त्येच्या दारात कोन गेलतं तुमच्यातलं?"

गाडी धडधडत गेली, फाटक वर झालं, मागच्या वाहनांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि विचारलं, आधी रानाकडं घेऊ का वाड्यावर. ट्रॉलीतला सगळ्यात वयस्कर माणूस, पांढऱ्या फेट्याचा, पुढं वाकला आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आधी त्याच्या दारात घे. आम्ही सगळे उतरतो."